बायचा नारळ

आमच्या ऑफिसात एखादं काम कुठे अडलंय हे कानाने कळायचं. नारळ वाजायचा. सोललेला, शेंडी तेवढी राखलेला, आतलं पाणी कधीच आटून गोटा झालेला जुना नारळ. हातात घेऊन चाललं की आतलं खोबरं खुळखुळायचं. तो आवाज जवळ येऊ लागला की माणसं खुर्चीत सरळ बसत, आणि आपल्याच टेबलाशी थांबला की कुणीतरी हमखास कुरकुरे, "बाय, आज नको गं, आज खरंच कामात आहे."

बाय म्हणजे आमची अॅडमिन. अॅडमिन म्हटलं की लोकांना चहा, झाडू आणि एसीचा रिमोट आठवतो, म्हणून आधीच सांगते. ऑफिसचं सगळं काम ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं त्याच्या किल्ल्या हिच्याकडे. कोणाची मंजुरी कोणाकडे जायची, कोणाला काय दिसायचं आणि काय दिसायचं नाही, कोणता निरोप आपोआप सुटायचा, हे सगळं ती ठरवायची. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत आमचं ऑफिस. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आमच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट मात्र दुसऱ्याच कंपनीची आणि बहुतेक वेळा बंद, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की आम्ही त्याला जिन्याने वर आणायचो आणि वाटेत हवापाण्याचा विषय काढायचो.

आमचा मेकॅनिक मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत अडकलेल्या लिफ्टखाली उभा राहून सुटा भाग मागणार. ती मागणी सुपरवायझरकडून स्टोअरला, तिथून खरेदीला. पूर्वी हे फोनवर आणि आरडाओरड्यावर चालायचं. बायने ते सॉफ्टवेअरवर आणलं, पण त्याआधी नारळावर आणलं.

तिची पद्धत अशी. कोणी येऊन म्हणालं, "बाय, एवढं ऑटोमेट करून दे ना," की ती कॉम्प्युटरकडे बघायचीसुद्धा नाही. ड्रॉवरमधून नारळ काढून त्याच्या हातात द्यायची. "हा नारळ म्हणजे तुझी मागणी. चल, फिरव." मग तो माणूस नारळ घेऊन पुढे आणि बाय हाताची घडी घालून मागे. ज्याच्या टेबलावर नारळ गेला त्याने आपलं काम केल्याशिवाय पुढे द्यायचा नाही. खाली जमिनीवर ठेवायचा नाही. सगळी फेरी पुरी झाली की मगच ती कीबोर्डला हात लावणार.

मी एचआरमध्ये नवीन लागले तेव्हा मोठ्या उत्साहाने रजेच्या मंजुरीचा रस्ता आखून तिच्याकडे गेले होते. टीम लीडर, मॅनेजर, विभागप्रमुख, एचआर, पुन्हा मॅनेजर. तिने नारळ दिला. मी या टेबलावरून त्या टेबलावर गेले, कोणी मीटिंगमध्ये, कोणी जेवायला, कोणी नुसतंच गायब. दुपार टळली. नारळ घेऊन मी तशीच परत आले.

"काय, मिळाली रजा?" तिने विचारलं.

"नाही ना मॅडम. पण तुमची..."

"मॅडम म्हणशील तर तुझी परमिशन काढीन. बाय म्हण. आणि तुमची-बिमची नको. आता सांग, यातली किती टेबलं ठेवायची?"

मी मान खाली घालून म्हणाले, "एक पुरे."

"मग आता फक्त एकच सांग. माणूस नसलो तर?"

हा तिचा लाडका प्रश्न. एरवी ती चारचौघांसारखी मुंबईची मराठी बोलायची. पण राग आला किंवा फार आनंद झाला की मालवणीवर उतरायची, आणि हा प्रश्न कायम मालवणीतच. मंजुरी देणारा माणूस जागेवर नसला तर काय? रजेवर गेला, आजारी पडला, नोकरी सोडून गेला, तर? याचं उत्तर ज्या कामात नसेल ते काम बाय चालूच करायची नाही. "तुमी सगळे असां धरून चालतास की माणूस हयसर चिकटवून ठेवलेलो आसा," ती म्हणायची.

मुलुंडला राहायची. नवरा बँकेतून रिटायर झालेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. चष्मे दोन, एक नाकावर आणि एक केसांत, आणि शोधायची तिसराच. ड्रॉवरमध्ये नारळाशेजारी आमसुलांची बरणी. पासवर्ड विसरून कोणी आलं की ती आधी एक आमसूल द्यायची. "चोख. आठवेल." याला शास्त्राचा काही आधार नाही. पण एवढं आंबट तोंड घेऊन अख्ख्या मजल्यासमोर बसलेला माणूस पुन्हा पासवर्ड विसरत नसे.

अधिकार मागायला येणाऱ्यांची तर ती फारच खोडी काढायची. मार्केटिंगचा एक पोरगा आला होता, "बाय, मला त्या फोल्डरचे फुल राइट्स हवेत यार." ती म्हणाली, "देते की. पण आमच्याकडे ज्याला मोरीची किल्ली हवी तो आधी मोरी धुतो." त्याला त्या फोल्डरमधल्या सगळ्या 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हीच फायनल' नावाच्या फायली निस्तरायला बसवलं. संध्याकाळी तो स्वतःच येऊन म्हणाला, नुसतं बघायचा अधिकार दिलास तरी चालेल.

मोरी हा शब्द तिने असाच तोंडाला येईल म्हणून वापरला नव्हता. ऑफिसच्या सगळ्या गप्पांचे आणि कामांचे जे वेगवेगळे कप्पे सॉफ्टवेअरवर होते, त्यांना तिने घराची नावं दिली होती. चालू कामं 'ओटा'. जुनी झालेली 'माळा'. गप्पाटप्पा 'पडवी'. तक्रारी 'मोरी'. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर पडद्यावर सगळी यादी दिसली आणि त्याने विचारलं, "ये मोरी में इतना लाल-लाल क्या है?" तेव्हा आमच्या सेल्सवाल्याने तो परदेशी शब्द असल्याचं सांगून वेळ मारून नेली.

आणि गाऱ्हाणं, कोकणात देवळात देवाला घालतात ते. नवीन काम चालू व्हायच्या सकाळी बाय सगळ्यांना उभं करायची. टेबलावर नारळ ठेवायची, हात जोडायची आणि खणखणीत आवाजात सुरू करायची.

"हे बा देवा म्हाराजा! जो काय हो नवीन फ्लो आज आमी चालू करतव, त्येच्यात काय वाकडा-तिकडा असात तर ता सरळ कर रे म्हाराजा!"

आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

"कोण उगाच रिप्लाय-ऑल करूक गेलो, तर तेचो हात आवर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"स्टोअरच्या काकांका मंजुरीचा बटण दिसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात मोठ्याने.

आमच्या घरी देव नाहीत. आजोबा यवतमाळकडून आलेले, घरात बुद्धवंदना. त्यामुळे पहिल्या वेळी मी मागे गप्प उभी राहिले. बायच्या ते लक्षात आलं. नंतर जवळ येऊन म्हणाली, "तू देवाला नको बोलूस. सर्व्हरला बोल. त्यालाच गरज आहे." तेव्हापासून माझा आवाज सगळ्यांत वर लागायचा. मी तिला विचारलंही होतं, की गावी असं बायका गाऱ्हाणं घालतात का. ती खुदकन हसली. "गावाक बाईमाणसाक कोण घालूक देता? पण हयसर अॅडमिन कोण? मी!"

ज्या काकांसाठी देवाला साकडं घातलं जायचं ते आमचे स्टोअरचे प्रमुख. देशावरचे, कांदिवलीला एकटेच राहणारे, निवृत्तीला टेकलेले. नारळ सगळ्यात जास्त मुक्कामाला राहायचा तो त्यांच्याकडे. ते त्याचा कागदांवर ठेवायला वजन म्हणून उपयोग करायचे. "बाई, तुमचा नारळ झकास आहे. पंख्याखाली एक चलन उडत नाही," असं वर सांगायचे. शेवटी बायने व्यवस्था करून टाकली, की काकांनी वेळेत बटण दाबलं नाही तर त्यांना आधी आठवण जाईल, आणि तरी दाबलं नाही तर मागणी आपोआप त्यांच्या हाताखालच्या माणसाकडे सरकेल. काका भयंकर चिडले. त्यानंतर रोज सकाळी ते मोरीत एक तक्रार टाकायचे. 'सुप्रभात. आपल्या यंत्राने माझा अधिकार हिसकावून घेतला आहे.' बाय रोज त्याला अंगठा दाखवायची. वर्षभर हा कार्यक्रम न चुकता चालला.

मग एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चेहरा पडलेला.

"काका शिव्या देत नाहीत गं."

"बरंय ना मग."

"नाही. बरेच दिवस देत नाहीत. मी आत्ता बघितलं."

आम्ही कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. स्टोअरची सगळी कामं हिरवी. एकही मागणी अडलेली नाही. काकांना आठवणी जात होत्या, उत्तर येत नव्हतं, मागणी गुपचूप पुढे सरकत होती. ते फिरत्या कामावर असतील असं त्यांच्या हाताखालच्या माणसाला वाटत होतं, आणि ते रजेवर असतील असं मला वाटत होतं. काम अडलं नव्हतं, म्हणून माणूस नाही हे कुणाला कळलंच नव्हतं. हे असं करून ठेवणारी बायच होती, आणि ते तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. मी तिला एवढी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"पत्ता दे," ती म्हणाली.

"बाय, पत्ता असा देता येत नाही. तो गोपनीय असतो. तूच तर त्याला कुलूप..."

"मग तू चल. तू वाच, तू रिक्षावाल्याला सांग. मी डोळे मिटून बसते."

कांदिवलीपर्यंत खरंच ती डोळे मिटून बसली होती. आता वाटतं, मनातल्या मनात हात जोडून बसली असेल. शेजारणीकडे किल्ली होती. आत काका तापाने फणफणलेले, ओठांना पापुद्रे आलेले, उठायचं त्राण नाही. आणि खाटेखाली चार्जरला लावलेला त्यांचा फोन मधूनमधून गोड टिंग करत होता. आपली मंजुरी प्रलंबित आहे. टिंग. आपली मंजुरी प्रलंबित आहे.

बायला बघून काकांनी डोळे किलकिले केले. "आलीस," ते पुटपुटले. "ते रिमायंडर बंद कर आधी."

डेंग्यू निघाला. वेळेत पोचलो म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. बाय रोज हॉस्पिटलात पेज घेऊन जायची आणि काका रोज तीत मीठ कमी असल्याची तक्रार करायचे. त्यांना बोलायची ताकद आली हे मला त्यावरूनच समजलं.

त्या आठवड्यात बायने ऑफिसातल्या प्रत्येक फ्लोला शेवटी एक पायरी जोडली. नाव ठेवलं 'विचारपूस'. आठवणीला उत्तर आलं नाही तर काम पुढे जाईलच, पण त्याबरोबर ऑफिसातल्या एका जित्याजागत्या माणसाला निरोप जाईल, की अमक्याला फोन करा आणि बरे आहात ना एवढं विचारा. तो फोन केला असं लिहिल्याशिवाय ती पायरी हिरवी होत नसे. "माणूस नसलो तर काम कोण करतलो, एवढाच मी इचारी होतंय," ती मला म्हणाली. "अर्धोच प्रश्न इचारलो मी इतकी वर्षां."

पुढे आमच्याकडे नवीन साहेब आले. पवईला आयआयटीत शिकलेले, पवईलाच राहणारे, वागायला सज्जन. फक्त त्यांना सगळं पुस्तकात असतं तसं लागायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोरी पाहिली आणि पाणी मागितलं. मग विचारपूस पाहिली. "ही पायरी स्टँडर्ड नाही," ते म्हणाले. "प्रोसेस माणसावर अवलंबून असता कामा नये."

"माणूस प्रोसेसवर अवलंबून असतो ना पण, सर," बाय म्हणाली.

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण महिन्याभरात मुख्य कार्यालयाचा फतवा आला. अॅडमिनच्या किल्ल्या फक्त त्या सॉफ्टवेअरची परीक्षा पास झालेल्या सर्टिफाइड माणसाच्याच हातात राहतील. तसा माणूस नसेल तर किल्ल्या बाहेरच्या एका फर्मकडे जातील आणि बायची बदली तळोज्याच्या गोदामात. आणि फर्मने आपला आराखडा आधीच पाठवला होता. त्यात नारळ नव्हताच, पण विचारपूसही नव्हती.

"तुझ्याकडे सर्टिफिकेट नाहीच?" मी थक्क होऊन विचारलं.

"मी लग्नाचं सर्टिफिकेटसुद्धा काढलं नाही अजून. नवरा आहे ना घरात?"

परीक्षेला दोनदाच बसता येणार होतं. पहिली परीक्षा ऑफिसातल्याच छोट्या मीटिंग रूममध्ये, ऑनलाइन. खोलीत दुसरं कोणी नको, बोलायचं नाही, आणि कॅमेऱ्यातून कुठल्यातरी गावचा परीक्षक नजर ठेवणार. काचेच्या दाराला कागद चिकटवले होते. आम्ही सगळे बाहेर, दाराला कान लावून. आधी परीक्षकाने टेबल दाखवायला लावलं. टेबलावर नारळ.

"ये क्या है मॅडम?"

"नारळ. नारियल."

"हिलाके दिखाइए."

तिने हलवला. खुळखुळला. परीक्षकाचा संशय बळावला. आत काय आहे? खोबरं. मग वाजतं कसं? गोटा झालाय म्हणून. गोटा म्हणजे काय, हे मालवणी बाईने हिंदीत त्या माणसाला समजावलं, ते मी जन्मात विसरणार नाही. शेवटी हुकूम झाला, नारळ बाहेर. दार किलकिलं झालं, बायचा हात आला, नारळ माझ्या हातात पडला.

दार लागलं. आणि मग अगदी बारीक, पुटपुटल्यासारखा आवाज आला. सवयच ती. नवीन काम चालू करायच्या आधी हात जोडल्याशिवाय तिला कीबोर्डला हात लावताच येत नव्हता.

"हे बा देवा म्हाराजा... ह्या परीक्षेत काय वाकडा-तिकडा असात तर ता सरळ कर रे म्हाराजा..."

बाहेर नारळ माझ्या हातात, समोर अख्खा मजला उभा. कोणी ठरवलं नव्हतं. गळ्यातून निघूनच गेलं. सगळ्या मजल्याच्या.

"व्हय म्हाराजा!"

परीक्षा तिथल्या तिथे रद्द झाली. कारण, खोलीत इतर व्यक्तींचा आवाज. 'इतर व्यक्ती, मोठ्या संख्येने,' असं त्याने लिहिलं होतं. साहेब केबिनमधून धावत बाहेर आले तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. मार्केटिंगचा पोरगा हळूच म्हणाला, "वाट लागली."

आता एकच संधी उरली. ती हुकली तर तळोजा. मी तिची शिकवणी घ्यायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत सराव परीक्षेतले प्रश्न वाचायचे आणि तिने पर्याय निवडायचा, एवढं सोपं. पण तिला पर्याय निवडणं मान्यच नव्हतं.

"चुकून एक युजर डिलीट झाला," मी वाचलं. "अॅडमिनने आधी काय करावं? एक, बॅकअप तपासावा. दोन..."

"आधी डिलीट कोणी केला ते बघावं. तो अजून तिथेच बसलाय, पुढचा डिलीट करत."

"असा पर्याय नाहीये बाय."

"मग प्रश्न चुकलाय."

"बरं. दोन विभागांना एकमेकांच्या विरुद्ध नियम हवे आहेत. अॅडमिनने काय करावं?"

"दोघांना एका टेबलावर जेवायला बसवावं."

"पर्याय तीन, संबंधितांशी चर्चा करून गरजा समजून घ्याव्यात."

"तेच की! पण उपाशीपोटी कसली चर्चा?"

आणि मग तो प्रश्न आला. मंजुरी देणारी व्यक्ती बराच काळ प्रतिसाद देत नाही. अॅडमिनने काय करावं? पर्यायी व्यक्ती नेमावी, मुदत वाढवावी, वरिष्ठांकडे पाठवावं, की मागणी आपोआप मंजूर होईल असा नियम लावावा? बायने तो प्रश्न माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाली, "यात फोन करा असं कुठे आहे?"

"नाही आहे."

"काका मेले असते," ती म्हणाली आणि डबा बंद करून उठली.

दुसरी परीक्षा घाटकोपरच्या एका सेंटरवर होती. या वेळी आम्ही हुशारी केली. गाऱ्हाणं आधीच, बाहेर, रस्त्यावर उरकायचं. सेंटरसमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. मी नारळ पिशवीतून नेला होता. आम्ही तिथे पोचलो तर काका आधीच बाकड्यावर बसलेले. कांदिवलीहून एवढ्या लांब, बरे झाल्यावर पहिल्यांदाच एकटे.

"तुम्ही कशाला आलात?" बाय फिस्कारली. "ऊन बघा केवढं आहे."

"तुम्ही नापास झालात तर नवा माणूस येणार. त्याच्याशी भांडणं मला झेपायची नाहीत," काका म्हणाले.

बायने नारळ बाकड्यावर ठेवला, हात जोडले. परीक्षेत सगळी बटणं जागेवर असूदे, कॅमेऱ्यातल्या माणसाला सुबुद्धी होऊदे, आणि माझी जागा राहूदे रे म्हाराजा. आणि काका, जे वर्षभर 'बाई, हे ऑफिस आहे की जत्रा' म्हणून नाक मुरडत आले होते, ते उठून उभे राहिले आणि छातीवर हात धरून ओरडले, "व्हय म्हाराजा!" गुऱ्हाळवालासुद्धा चरक थांबवून व्हय म्हाराजा म्हणाला.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. आली, बाकड्यावर बसली, माझ्या हातातला रसाचा ग्लास घेऊन रिकामा केला.

"काय झालं?"

"पास."

आम्ही दोघांनी एवढ्या जोरात आरडाओरडा केला की गुऱ्हाळवाल्याने फुकट रस दिला. "जमलं कसं पण?" मी विचारलं. "काल संध्याकाळपर्यंत तू प्रत्येक पर्यायाशी भांडत होतीस."

बाय गालात हसली. "सोपा होता गो. प्रत्येक प्रश्नाक आपले साहेब काय करतीत, ता लिवलंय. एकपण चुकलो नसात."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग बाय जरा थांबून म्हणाली, "एक सोडला मात्र. तो होता. तसाच कोरा ठेवला. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, तर मी काय करू?" काकांनी ग्लास तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही.

साहेबांना तिने अभ्यासाची युक्ती जशीच्या तशी सांगितली. त्यांना ती फार मोठी शाबासकी वाटली. त्यांनी ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावूया म्हटलं. बायने त्याचा फोटो काढून मोरीत टाकला, आणि विचारपूस जिथल्या तिथे राहिली. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याखाली लिहिलं, 'सुप्रभात. अभिनंदन. तरी माझा अधिकार परत मिळालेला नाही.'

त्यानंतर ती पूर्ण मुदत करून निवृत्त झाली, आणि नवरा-बायको कुडाळजवळच्या गावी राहायला गेली. शेवटच्या दिवशी भाषण झालं, फुलं झाली. मी माझ्या टेबलाशी परत आले तर नारळ माझ्या टेबलावर. नियम मला पाठ होता. काम केल्याशिवाय पुढे द्यायचा नाही, आणि खाली ठेवायचा नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती चष्मा शोधत होती.

मग साहेबांनी मलाही परीक्षेला बसायला सांगितलं. गेल्या आठवड्यात, त्याच घाटकोपरच्या सेंटरवर. प्रश्न भराभर सुटत गेले आणि अचानक पडद्यावर तोच आला. मंजुरी देणारी व्यक्ती बराच काळ प्रतिसाद देत नाही. अॅडमिनने काय करावं? मला मोठ्याने हसू फुटलं. कॅमेऱ्यातल्या माणसाने ताकीद दिली. मी योग्य पर्याय निवडला. मी काही बायइतकी शूर नाही, आणि मला त्या किल्ल्या हव्या होत्या.

पण बोट बटणावरून उचललं आणि बायचे निरोप आठवले. गावी गेल्यापासून बाय रोज सकाळी मला काहीतरी बोलून पाठवायची. कोंबड्यांची नावं, नवऱ्याच्या तक्रारी, ग्रामपंचायतीची मोरी कशी करायला हवी ते. ते निरोप कधीपासून येत नव्हते? माझं काम कुठे अडलं नव्हतं. सगळं हिरवं होतं.

उरलेले प्रश्न कसे सोडवले आठवत नाही. बाहेर येऊन गुऱ्हाळापाशी उभी राहिले आणि फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा खूप वेळाने खरखर झाली, मागे कोंबडी ओरडली आणि आवाज आला. दमलेला, बसलेला, पण तिचाच.

"बाय! बरी आहेस ना?"

पलीकडे खोकला, आणि त्या खोकल्यातूनच हसू.

"ताप इल्लो गो. आता उतारलो. आसंय मी, आसंय," ती म्हणाली. "रिमायंडर बंद कर."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.